पाच कोपऱ्यांचं घर

मी एसटीत कंडक्टर आहे. कुहीहून चिचटोलीला जाणारी सकाळ-संध्याकाळची गाडी माझ्याकडे असते. चिचटोली म्हणजे बासष्ट घरं, पावणेचारशे माणसं आणि तिथंच संपणारा रस्ता. पुढं धानाच्या बांध्या, बाजूला नाला. एवढी लांब गाडी वळवायची कुठं? तर धोंडबांच्या अंगणात. बावीस वर्षं ती तिथंच वळते आहे.

शिट्टी मारून गाडी मागं घेणं खरं तर माझं काम. पण चिचटोलीत माझ्या शिट्टीला कोण विचारतो! गाडी आली की धोंडबा हातातला घास ठेवून बाहेर येतात, वाळत घातलेली तूर बाजूला सारतात आणि ओरडतात, "येऊ द्या गा, येऊ द्या... अजून... बस!" मग माझ्याकडे वळून, "जय भीम, बाई." सत्तरीच्या माणसाचा काय तो तोरा! पहिल्या महिन्यात मला रागच यायचा. आता ते दिसले नाहीत तर मलाच चुकल्यासारखं होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना घरकुल मंजूर झालं. नाल्याच्या ओलीनं जुन्या घराची मागची भिंत खचली होती, म्हणून नवं घर पुढं अंगणात सरकवणं भाग होतं. मिस्त्रीनं चुन्याची रेघ मारली ती नेमकी गाडी वळते त्या जागेवरून. गाडी वळायला जागा नाही, तर गाडी गावात येणार नाही. ती तीन किलोमीटरवरच्या फाट्यावरूनच परत फिरणार. कुहीच्या कॉलेजला जाणाऱ्या नऊ पोरी माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

दुसऱ्या संध्याकाळी धोंडबा घमेलंभर राख घेऊन उभे होते. गाडी वळत गेली तसे ते तिच्या शेपटामागं राख टाकत चालले. मग मिस्त्रीला म्हणाले, "या राखेच्या आत बांध."

"काका, सैपाकखोलीचा कोपराच कापला जाते न!"

"जाऊ दे."

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, प्रेमिलामावशीनं, हे ऐकलं. "चाळीस वर्षं कुडाच्या घरात काढली म्या. आता पक्कं होऊन राहिलं, तं माह्याच सैपाकखोलीचा कोपरा सापडला का तुमाले? एसटीवाल्याइच्या घराचा काहून नाही कापत?"

"पोरी पायी जातीन वं," धोंडबा एवढंच म्हणाले.

पुढं महिनाभर दोघांत बोलणं काय, तर "जेवून घ्या." मला तर मावशीकडं बघायची चोरी झाली. तिचं काय चुकलं होतं?

बुद्धपौर्णिमेला घर उभं राहिलं. वंदना झाली आणि गाडीतल्या सगळ्यांना खीर मिळाली. स्वयंपाकखोलीला पाच कोपरे. भांड्यांचं कपाट तिथं काही केल्या बसेना, म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेलं. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायची आणि धोंडबा तेवढ्यात बाहेर सटकायचे.

परवा धोंडबा बुटीबोरीला मुलाकडं, अंकुशकडं गेले होते. नेमका त्याच दिवशी ड्रायव्हर नवा, दुर्गेश नावाचा. अंगणात कुणीच नाही. मी शिट्टी तोंडाला लावली तोच आतून आवाज आला, "थांबा!"

मावशी पिठानं भरलेल्या हातांनीच धावत आली.

"येऊ द्या गा, येऊ द्या... अजून..." तोच सूर, मध्ये थांबणंही तसंच. "बस!"

गाडी थांबली. मावशी कापलेल्या कोपऱ्याशी गेली, भिंत आणि गाडी यांच्यामध्ये हात घालून बोटं ताणली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत भरली.

"पाहा बाई! वीतभर जागा उरते. उगाच कापली त्याइनं माही सैपाकखोली."

मला हसू आवरेना. "मग सांगा की त्यांना, मावशी."

"सांगीनच. अन् उद्यापासून वाटलं तं त्याइनं तूर सारावी. कोपरा माहा गेला, गाडी मीच वळवीन."