रॉकेटचे सांधे

रविवारी एस्प्लनेडच्या थिएटरात चित्रपटाआधी, माणसं चंद्राकडे निघाल्याची बातमीफीत दाखवली. रॉकेट उडालं तशा टाळ्या पडल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं मात्र पुढची खुर्ची घट्ट धरली होती. आपण वेल्डर आहोत, हे त्यानं मघाशीच सांगितलं होतं.

"दादा, ते केव्हाच सुखरूप परतलेत की!" मी हसलो.

"परतले हो. पण उडताना, ज्यानं सांधे जोडले त्याचा जीव कुठं असेल?"

माझं हसू मावळलं. आदल्याच दिवशी मी आमच्या कारखान्यातली क्रेन वर न चढताच 'तपासली' म्हणून सही केली होती. सोमवारी तिच्याखाली माणसं राबणार होती.

चित्रपट न बघताच मी कारखाना गाठला आणि शिडी चढलो. सगळे सांधे शाबूत निघाले. मी खाली उतरलो. सही आता खरी होती.