दोघींचं भिंग

सकाळी उठले तर डोळे आलेले, चिपडांनी चिकटलेले. आईनं ते धण्याच्या पाण्यानं पुसले, तेव्हा खिडकीबाहेरचा गुलमोहर लाल धुक्यासारखा दिसला.

घड्याळांच्या कारखान्यात मी तपासनीस होते, घराण्यातली पहिली पदवीधर. नोकरी कायम व्हायला आठच दिवस उरले होते आणि आता खाडा पडला तर उमेदवारीची मुदत वाढणार होती.

"काळा चष्मा लाव आणि जा," आई म्हणाली. "कोण बघतंय?"

माझे वडील, अण्णा, घरीच शिवणकाम करायचे. त्यांनी मशीन थांबवलं. "ते डोळ्याला लावायचं भिंग तू सुटल्यावर कोण लावतं?"

"दुसऱ्या पाळीतल्या अक्का."

"त्यांचं पोट कशावर?"

"डोळ्यांवरच की."

"बरं. तू शिकलेली आहेस, तूच ठरव." आणि ते सुईत दोरा ओवू लागले.

मी पायात सरकवलेल्या चपला काढल्या. डोळे बरे होईपर्यंत त्यांवर ओलं फडकं ठेवून पडून राहिले. मशीनची टकटक लांब जाई, जवळ येई. वाटे, कारखान्यातली सगळी घड्याळं माझ्या उशाशी येऊन सावकाश चालतायत.

नोकरी कायम व्हायला आणखी तीन महिने लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी परत गेले त्या दिवशी पाळी बदलताना अक्का माझ्या डोळ्यावरून काढलेलं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावत म्हणाल्या, "इतके दिवस हे गार लागत होतं गं."