शुद्ध बोलणारा बेडूक

आमच्या घरात शुद्ध मराठी फक्त एक बेडूक बोलतो. तो चित्रांच्या पुस्तकात राहतो, आणि त्याला घरात आणण्याचं पाप माझं.

झालं असं, की आमची पिहू दुसरीत गेली आणि वर्गात एकदम मुकी झाली. 'मले पानी पायजे' म्हणाली म्हणून बाकावरच्या मुली हसल्या होत्या. आमच्या पिपरी मेघेत निम्मे लोक असंच बोलतात (मी तर माहेरची आंजी गावची!), पण पोरीनं मनाला लावून घेतलं. मी तडक वर्ध्यातून पुस्तक आणलं. कोकिळेसारखं गायला निघालेला बेडूक शेवटी तळ्याकाठी छाती फुगवून म्हणतो, 'मला माझा आवाज आवडतो.' वाचताना माझेच डोळे भरून आले.

पिहूनं गळ्यात हात टाकले. म्हणाली, "मले बी आवडला बेडूक."

"'मला' म्हण," मी म्हटलं. (स्वतःला स्वीकारावं, पण व्याकरण सांभाळून!)

तेवढ्यात शाळेत गोष्ट सांगायची स्पर्धा निघाली. मी पिहूचं नाव दिलं, हिरवा झगा शिवला आणि आठ दिवस 'मला-माझा' घोटून घेतलं. त्या आठवड्यात नवऱ्यालाही 'मले चहा दे' म्हटल्यावर चहा मिळाला नाही.

स्पर्धेत पिहू झकास बोलली. बेडूक तळ्याकाठी आला, छाती फुगली आणि शब्द अडला. आता ही पुन्हा मुकी होणार, असं मला वाटलं. पहिल्या रांगेतून मी ओठ हलवले, हात हलवले, शेवटी उठून उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते थेट आंजीचं:

"काऊन थांबली वं? मले माहा आवाज आवडते म्हन न!"

हशा पिकला. पिहूनं माझ्याकडे पाहिलं, खुदकन हसली आणि माईक ओढून ओरडली, "मले माहा आवाज आवडते!" टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, उभ्याउभ्याच.

आता पिहू वर्गात इतकी बोलते, की बाईंनी मला चिठ्ठी पाठवून बोलावलं. फाटकावर शिपायानं अडवलं, कोणाची आई म्हणून विचारलं.

"बेडकाची," मी म्हटलं.

त्यानं लगेच आत सोडलं.