तेल न घातलेली एक गाडी

आयुष्यात मी एकाच माणसाला मारलं आहे. फावड्याने मारलं, आणि फावडं गरम होतं.

तेव्हा मी वाघोलीच्या पुढच्या एका डांबर प्लांटच्या प्रयोगशाळेत होते. राहायला शनिवार पेठेत, काम खडी आणि डांबराचं. आमच्याकडे जुने रस्ते यायचे. पोलादी दातांचं मशीन रस्त्यावर उतरायचं, वरचा थर कराकरा खरवडायचं, आणि तो चुरा ट्रकने प्लांटवर यायचा. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन जुन्या डांबरातला तेलकटपणा उडून जातो आणि ते काचेसारखं ठिसूळ होतं. तो चुरा तापवून त्यात एक खास तेल मुरवलं की डांबर पुन्हा मऊ पडतं, खडीला धरतं. मग थोडी नवी खडी, थोडं नवं डांबर मिसळून तोच माल परत रस्त्यावर अंथरता येतो. तेल किती घालायचं ते मी ठरवायचे. तेलाचा पंप चालू असल्याशिवाय गाडीच्या चिठ्ठीवर सही करायची नाही, हा नियमही माझाच.

त्या आठवड्यात खराडीतल्या एका रस्त्याचं काम चालू होतं. माल अंथरणाऱ्या टोळीचा मुकादम तिथलाच, जुन्या गावातला, पन्नाशीचा माणूस. वडिलांच्या शेताचा एक तुकडा त्याच रस्त्याखाली गेलेला. फावडं मारताना माल हाताला कसा लागतो यावरून त्याला सगळं कळायचं.

शनिवारी दुपारी तेलाचा पंप बंद पडला. व्यवस्थापकाने एक गाडी तशीच भरून, माझ्या सहीशिवाय पाठवली. मी खिडकीतून ती फाटकाबाहेर जाताना पाहिली आणि त्याच्या खोलीत गेले.

"एका गाडीने काय होतंय?" तो म्हणाला. "तिथे माणसं खोळंबलीत."

मी परत येऊन खुर्चीत बसले. तासाभराने मुकादमाचा फोन आला. "मॅडम, ही गाडी राठ लागतीय. वळत न्हाई माल. टाकू का परत पाठवू?"

मी म्हटलं, "पसरा. बघू नंतर."

रविवारी दुपारी मी नमुने घ्यायला खराडीत गेले. पंप दुरुस्त झाला होता, ताजा माल आला होता, अंथरणाऱ्या मशीनमागे काळा वाफाळता पट्टा पडत होता. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जमत होती. उखडलेला चुरा प्लांटवर जातो आणि तिथूनच नवा माल येतो, याचा कुणीतरी व्हिडिओ काढून सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आपलाच रस्ता आपल्याला परत चिकटवतायत, असं त्याखाली लिहिलं होतं. सुट्टीचा दिवस. सगळे घरी होते.

पुढे होता तो मुकादमाचा चुलतभाऊ. धिप्पाड, चाळिशीचा. त्याची आई आदल्या वर्षी याच रस्त्यावरच्या खड्ड्यात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणावर होती. हे मला मुकादमानेच पूर्वी सांगितलं होतं.

शनिवारच्या त्या गाडीचा माल जिथे पडला होता, त्या तुकड्यावर तो गेला आणि टाच आपटली. कडेचा तुकडा निघाला. त्याने तो हातात घेऊन दाबला, त्याचे दोन झाले.

"बघा," तो लोकांना म्हणाला. "बिस्कीट हाय हे."

त्याने तो तुकडा मशीनवर भिरकावला. मग दगड सुरू झाले. रोलरच्या चालकाला तिघांनी कॉलर धरून खाली ओढलं. तो तोंडावर पडला, आणि पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत लोकांनी चपलांसकट लाथा घातल्या. इस्त्रीच्या सदऱ्यातला एक माणूस आधी पिशवी बाजूला ठेवून, मग लाथ मारायला गेला. चालक रक्ताबरोबर दात थुंकला. टोळीतल्या बायका टोपल्या टाकून ट्रकमागे धावल्या.

मुकादम मधे शिरला. "आरं, माणसांना मारू नको. माझं ऐक."

"तू घरचा असून गावाला असला माल घालतोस? माझी आय पडली तवा रस्ता धड करून देतो म्हणला होतास न्हवं?"

"ऐक तरी."

चुलतभावाने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. मुकादम वळून स्वतःला सावरायला गेला आणि मशीनमागच्या ताज्या मालावर पालथा पडला. दोन्ही हात टेकून. माल तेव्हा उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असतो. हात मनगटांपर्यंत आत गेले. तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज झाला आणि त्यानंतर तो ओरडला.

तो गुडघ्यांवर उठला तेव्हा हातांवर काळे मोजे चढवल्यासारखे दिसत होते. कुणीतरी रुमाल घेऊन धावलं आणि डांबर ओढायला लागलं. "ओढू नका, पाणी ओता," मी ओरडत होते. त्या माणसाने ओढलंच. डांबराबरोबर कातडी आली.

चुलतभाऊ त्याच्या दिशेने दोन पावलं आला आणि वाकला. माझ्या पायाशी मालात खुपसलेलं फावडं होतं. मी ते उपसलं आणि होती तेवढी ताकद लावून त्याच्या मानेवर घातलं. ते खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचं मला दांड्यातून हातात कळलं. पात्याला चिकटलेला माल त्याच्या मानेला लागला आणि तो मुकादमाच्या शेजारीच बसला.

तो त्याला उचलायला वाकला होता. हे मला तेव्हा कळलं नाही.

मग माझ्यावर हात पडले. केस धरून कुणीतरी मान मागे खेचली, थोबाडीत दोन बसल्या, चष्मा गेला. तरी मी रोलरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले आणि तोटी सोडली. दोघांना पाण्याखाली बसवलं. दोघे एकमेकांना टेकून थरथरत होते, आणि ते दिसल्यावर गर्दी हळूहळू मागे सरकली. एका वयस्कर गृहस्थाने माझा फुटका चष्मा उचलून दिला. "घ्या. शिकलेल्या दिसता आपण," तो म्हणाला आणि निघून गेला.

इस्पितळात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. संध्याकाळी पोलीस आले. अधिकाऱ्याने मुकादमाला विचारलं, काय झालं?

"पाय घसरला."

"आणि तुमचं?"

"मी बी घसरलो," चुलतभाऊ म्हणाला.

"फावड्यावर?"

मी भिंतीशी उभी होते. "मी मारलं," मी म्हटलं. "आणि कालची एक गाडी तेल न घालता आली होती. तो तुकडा फुटणारच होता."

अधिकाऱ्याला दुसरं वाक्य कळलं नाही. चुलतभावाला कळलं. त्याने पट्टी बांधलेली मान न वळवता विचारलं, "तुम्हाला म्हाईत होतं?"

"हो."

"आन् ह्याला?"

"त्यांनी मला विचारलं होतं. मीच पसरा म्हटलं."

मला वाटलं तो उठेल. उठला असता तर मला बरं वाटलं असतं. तो छताकडे पाहत राहिला.

दोघांनीही तक्रार दिली नाही. रोलरचा चालक मोडलेल्या बरगड्या घेऊन लातूरला गावी गेला, परत आला नाही. मी प्लांटच्या मालकाला सगळं लेखी दिलं. व्यवस्थापकाची नोकरी गेली, पाठोपाठ मलाही राजीनामा द्यायला सांगितलं, तेही बरोबरच होतं. शनिवारचा तुकडा खरवडून पुन्हा घातला. घरी सासूबाईंनी गालावरचे वळ पाहिले आणि शेकायला कापड देत विचारलं, "फावडं मारणं नोकरीत होतं का गं?"

दोन महिन्यांनी मी मुकादमाच्या घरी गेले. मांडीची कातडी काढून तळव्यांवर लावली होती. उजव्या हाताची दोन बोटं आत वळून राहिली होती. चुलतभाऊ खांद्याला पट्टा लावून शेजारी बसला होता आणि धडधाकट हाताने त्याला भाकरी कालवून भरवत होता. मला पाहून त्याने घास थांबवला, मग परत भरवायला लागला.

मुकादमाच्या बायकोने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "ह्यांनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "दिरांनी सांगितलं. तुम्ही पसरा म्हणलात."

"हो."

"घ्या पाणी."

मी प्यायले. मुकादमाने एकच विचारलं. "मॅडम, त्या दिवशी मी परत फोन केला असता, तर थांबवली असती का तुम्ही गाडी?"

हो म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. चुलतभावाने खाली पाहतच मला विचारलं, "जेवून जाता?" मी थांबले. त्याच्या मानेवरचा डाग ताटाच्या पलीकडेच होता, गुलाबी, तळहाताएवढा, आणि जेवणभर मी दुसरीकडे पाहू शकले नाही.