बाबांनी पाहिलेलं हॉटेल

आमच्याकडं मुलगी द्यायची म्हटलं की आधी मुलाचं घर पाहतात. विहीर पाहतात, गोठा पाहतात, कोठीतलं धान्य हाताने वरखाली करतात, गावात चार जणांना कूळ विचारतात. माझ्या वेळेस मोठी पंचाईत झाली. मुलगा देऊळघाटचा, पण आईबाप लहानपणीच गेलेले, घर ना दार. मुंबईच्या एका बड्या हॉटेलात नोकरीला, आणि राहायलाही तिथंच. बाबा म्हणाले, "तो जिथं राह्यते तेच त्याचं घर. पाहून येतो." आणि नांदुऱ्याहून गाडीत बसून गेले की हो!

महाराष्ट्र नवानवा झाला होता. मुंबई आपली झाली म्हणून गावात सगळे छाती फुगवून हिंडत, पण ती पाहिलेली कुणाच्या बापानं नव्हती. काकांच्या मनात जानेफळचं स्थळ होतं. जमीनजुमला भरपूर, नवरदेव बिजवर, मिशांना काळं लावणारा. "हॉटेलातलं पोट्टं लोकायची उष्टी काढते, दारूचे गिलास धुते," असं काका उठता-बसता ऐकवायचे. बाबा मुंबईला होते तेवढे दिवस मी काकांच्या ताटात निवडून करपलेली भाकर वाढली. कारण तो हॉटेलवाला मला पाहायला आला, तेव्हा सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर त्यानं मलाच विचारलं होतं, "तुमाले काही इचारायचं आहे का?" आमच्या घरात असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला तोच हवा होता. आणि बाबांनी नाही म्हटलं की जानेफळ ठरलेलं.

बाबा परत आले. ओसरीवर काका आणि चार शेजारी जमले. मी आणि माय स्वयंपाकघराच्या दाराआड, कान टवकारून.

"राजेहो, घर म्हनजे घर आहे!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "दाराले फिरायची खोड. पाय टाकला का दारच फिरते. दोन डाव तर मी परत सडकेवरच आलो!"

मग म्हणे, "आधी कूळ इचारलं. दारावर एक म्हातारा पहारेकरी होता, त्याले. हाटेलाच्या मालक सेठच्या आज्यानं इंग्रजाच्या राज्यात बांधलं. जर्मनच्या लढाईत गोऱ्या फौजेनं ताब्यात घेतलं, अन् नाचायच्या दिवानखान्यात खिळ्याचे बूट घालून सागवानी फरशीची पार वाट लावली. सेठच्या बापानं बंगला इकला, पन फरशी नवी केली. आता नातू पाह्यते. तिसरी पिढी, पन अजून वाटनी नाही झाली!"

वाटणी नाही म्हटल्यावर ओसरीवर सगळ्यांनी "वा!" केलं. मी मनात म्हटलं, अरे देवा, मला काय सेठच्या आज्याशी लग्न करायचंय?

पण बाबा कुठले थांबतात! गच्चीवर विहिरीएवढी टाकी, खोलीखोलीत गरम पाण्याचा नळ. एक खोली तर अशी, की आपण नुसतं आत उभं राहायचं, ती खोलीच वर जाते. गालिचे असे, की बाबांनी जोडे काढून हातात धरले. झुंबराखाली उभं राहायची त्यांना भीती वाटली. "अन् मोटारींचा गोठा," ते म्हणाले, "आपल्या पाचपन्नास बैलायचा होईल!"

मायला राहवेना. दाराआडून म्हणाली, "अवो, पोराचं सांगा ना!"

"त्याच्याकडं चादरींची कोठी आहे," बाबा म्हणाले. "साऱ्या घराच्या चादरी त्याच्या हाताखालून जातात. लगीन झालं का मागच्या अंगाले दोन खोल्या भेटतात. त्याबी पाह्यल्या."

"म्हनजे धोब्याचंच काम की," काका म्हणाले.

बाबांनी तिकडं लक्षच दिलं नाही. "मंग त्यानं मले बसवलं. बरफ घालून शरबत आनलं, म्या नाही घेतलं. चहा आनला, तोबी नाही. उन्हानं घसा वाळला होता, पन पान्याचा थेंब म्हनून घेतला नाही त्याच्याकडचा."

पाणी नाकारलं म्हणजे स्थळच नाकारलं. संपलं सगळं.

काका खूश. "बरं केलं, भाऊ. मी आधीच सांगून राह्यलो होतो. उद्याच जानेफळले मानूस धाडतो."

बाबा त्यांच्याकडं पाहतच राहिले. "जानेफळले? काऊन? अबे, लेकीले लेकरू झाल्याबिगर बाप तिच्या घरचं पानी पेते का कधी?"

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग मायच आधी ओरडली, "माय वं!" आणि मला पाठीत एक धपका घातला. माझा जीव भांड्यात पडला. मी लाजबिज सोडून तांब्या भरला, तडक ओसरीवर गेले आणि सगळ्यांसमोर बाबांच्या पुढं ठेवला. बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. घटाघटा प्यायले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पेऊन घेतो बापा. पुढं तुह्या हातचं कधी भेटते, कोन जाने."

मला रडू आलं. पण खोटं कशाला सांगू, त्याच्याआधी मनात आलं ते एवढंच, की सुटले बाई!