संत्र्यांवर पाठ केलेली फ्रेंच क्रियापदं

“अवं, गिळून काहून राहिली? फेक ना बाहेर!”

ट्रकवर उभे असलेले काका असे ओरडले, की काटोलच्या बाजारातलीच काय, नागपूरची कबुतरंही उडाली असतील. मी खाली. हातात संत्रं, तोंडात फ्रेंच क्रियापद.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. पास झाले तर फ्रान्सला, पाव-केक शिकायला. नापास झाले तर जन्मभर नागपूरला आमच्या प्रताप नगरात ‘ते फ्रान्सले जाणार होती ना, ते पोरगी’ अशी ओळख. आणि माझं बोलणं कसं? ‘नू पार्लों’ म्हणजे आम्ही बोलतो. हे मी इतक्या घाईत उरकायची, की क्लासच्या मॅडम विचारायच्या, “शिंक आली का गं?”

काकांना फ्रेंचचा गंध नव्हता. पण आमच्या घरचं संत्रं टोपलीतून कधी ओतलं जात नाही. मार लागतो म्हणून हातोहात झेलत गाडीत चढतं.

“एका संत्र्याले एक तुकडा,” काकांनी फर्मान काढलं. “घाई केली तं संत्रं फुटते.”

नू, एक संत्रं. पार, दुसरं. लों, तिसरं. मग वू-फि-नि-से, म्हणजे ‘तुम्ही संपवता’, चार संत्री.

“आणि काका, ‘ते बोलतात’ लिहिताना शेवटी तीन अक्षरं असतात, पण बोलायची नसतात. नुसतं इल-पार्ल.”

“म्हणजे डागी माल! दिसते, पण गाडीत चढत नाही. फेक पुढचं!”

गाडी भरेस्तोवर हमालसुद्धा एकमेकांना फ्रेंचमध्ये शिव्या देऊ लागले होते. खोटं वाटत असेल तर काटोलला जाऊन विचारा.

परीक्षेला समोर फ्रेंच बाई. घरी तुम्ही काय काय करता, म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि हात आपोआप सुटला. नू, फेकलं. पार, फेकलं. लों, फेकलं! क्रियापदं अशी सुटी, टपोरी निघाली की काय सांगू. थोड्या वेळानं बाईंनी पेन खाली ठेवलं आणि टेबलावर दोन्ही हातांची ओंजळ धरली. देवाशपथ, त्या झेलत होत्या!

निकाल लागला तसा मी काकांना फोन लावला. “काका, पास झाले! फ्रान्सले चालली मी!” मी इतकी ओरडले, की फोनची गरजच नव्हती.

पलीकडे गाडी भरणं चालू होतं.

“बरं,” काका म्हणाले. “खाली नाही ना पडलं एखादं?”