आकडा घातला होता

संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे त्या थंड खोलीत जरा दबूनच वावरायचो. पण त्या महिन्याबद्दल लिहायला बसलो की आजही राग येतो. तो झाकून लिहिणं मला जमणार नाही.

खोलीत मोजकी टर्मिनलं आणि सगळ्यांची मिळून एकच डिस्क. आठवड्यातून एकदा टेलिफोनच्या लाइनवरून दूरच्या शहरातला मोठा संगणक जोडला जाई. तिथल्या फाइली आणायच्या तर टर्मिनलवर एक आज्ञा टाइप करायची. त्यात फाइलींची नावं लिहायची आणि सगळं मिळून जास्तीत जास्त किती आणायचं तो आकडा घालायचा. डिस्क लहान, म्हणून आकडा घातलाच पाहिजे असा ती खोली सांभाळणाऱ्या सरांचा नियम होता. माझ्या प्रकल्पासाठी विदर्भातल्या पावसाच्या नोंदी हव्या होत्या. मी आकडा घातला, पुन्हा तपासला, आज्ञा दिली आणि तासाला गेलो. लाइन इतकी हळू चाले की सगळे तसंच करत.

परत आलो तर खोलीत आरडाओरडा. डिस्क गच्च भरली होती आणि सगळ्यांची कामं बंद पडली होती.

"आकडा न घालता आज्ञा दिलीस," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

"घातला होता, सर."

"घातला असता तर इतकं आलं असतं का? वर खोटं बोलतोस! साधा नियम पाळता येत नाही, तर येता कशाला तुम्ही लोक इथे?"

मी काय टाइप केलं होतं ते पडद्यावरून केव्हाच पुसलं गेलं होतं. माझं खातं त्याच दिवशी बंद झालं. प्रकल्प महिनाअखेर द्यायचा होता. तो गेला की वर्ष गेलं. पण इतवारीच्या बाजारातल्या हातगाड्यांमधून सायकल काढताना माझ्या डोक्यात वर्ष नव्हतं. 'खोटं' होतं, आणि त्याहून जास्त 'तुम्ही लोक'.

घरी बाबा मागावर बसले होते. मी सगळं सांगितलं. धोटा चालवता चालवता ते म्हणाले, "सायबासंग भांडू नको गा. तुले शिकाले पाठवलं."

"मी खोटं बोललो नाही, बाबा."

"मी काय म्हणून राहिलो का तसं?"

त्यांचाही राग आला. आईने जेवायला हाक मारली. "आलो, आलो," म्हणत बाबा विणतच राहिले. पदर पुरा झाल्याशिवाय ते कधीच उठत नसत. आई करवादली, "आलो म्हनता आन् हलत नाही! भाकर थंडी होऊन राहिली ना!" रोजचंच होतं हे. पण त्या दिवशी मी हातपाय धुवायचे सोडून तिथेच उभा राहिलो. थांबायचं बाबांनी कबूल केलं होतं. फक्त हातातलं पुरं करून. ती आज्ञाही असंच करत असेल तर? माझी शेवटची फाइल सगळ्यांत मोठी होती. ती सुरू झाली तेव्हा एकूण आकड्याच्या आतच होतं.

पुढच्या जोडणीच्या दिवशी मी सरांच्या टेबलासमोर उभा राहिलो. "सर, एकदा तपासून बघा."

"वेळ नाही मला."

टर्मिनलांची देखभाल करणारा ऑपरेटर मध्ये पडला. "पाहून घेऊ ना सर. लाइन तशीबी रिकामीच हाय."

सर नाइलाजाने उठले. आज्ञा मी त्यांनाच टाइप करायला लावली. आकडा अगदी लहान, फाइली दोन, पहिली आकड्यापेक्षा मोठी. पहिली फाइल आकडा ओलांडून पूर्ण आली. मग यंत्र थांबलं. दुसरीला त्याने हातही लावला नाही.

"म्हणजे हिशोब फाइल संपल्यावर होतो," सर पडद्याकडे पाहत म्हणाले. "हं. याचं खातं उघडून द्या."

मी हललो नाही. "सर, तुम्ही मला खोटं बोलतोस म्हणाला होता. सगळ्यांसमोर."

"अरे, त्यात काय एवढं? तुम्ही लोक फार मनाला लावून घेता. बस, लाइन चालू आहे."

पुन्हा तेच दोन शब्द. उत्तर ओठांवर होतं. पण लाइन खरंच चालू होती आणि पावसाच्या निम्म्या नोंदी अजून यायच्या होत्या. मी बसलो. या वेळी एकेक लहान फाइल मागवली आणि तरीही दर वेळी आकडा घातला. बटणं इतक्या जोरात दाबत होतो की ऑपरेटर ओरडला, "अबे, तोडतं काय ते?"

सरांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं बटण तितक्याच जोरात दाबलं.